शेवटच्या पानापासून

मी फाइल शेवटच्या पानापासून वाचते.
सव्वीस वर्षांची सवय. इन्व्हरकार्गिलच्या इस्पितळात
धुलाईघराला लागून असलेल्या खोलीत
हीटरला पाय टेकून
मी आजारांना आकडे देते.
आकडे वेलिंग्टनला जातात.
तिथून पैसे येतात, किंवा पत्र येतं.

शेवटचं पान : घरी सोडले. चालत गेला.
वजन नऊ किलोने उतरलेलं.
हनुवटीखाली दोन्हीकडे चिरा, भरत आलेल्या.
सोबत पत्नी लेसिएली. तिच्या हातात
लघवी तपासायची कोरी डबी
आणि डबीत दाढ.
"विनंतीवरून नातेवाइकांच्या स्वाधीन."
कशाला हवी असेल तिला?
विचारायचं कुणी? त्याला आकडा नाही.

मागचं पान.
सिओएली फिफिता, वय एकेचाळीस,
मांस कारखान्यात हाडं सोडवणारा.
अतिदक्षता विभाग, सहा रात्री.
घशात नळी, नळीला यंत्र, यंत्राजवळ
रात्रपाळीची नर्स. तिने समासात लिहिलंय :
रुग्णाने पाटीवर लिहून विचारलं,
कारखान्यात कळवलंत का.

त्याच्या मागे शस्त्रक्रिया. पहाटेचे दोन दहा.
जीभ टाळूला टेकलेली.
जबड्याखाली लाकूड. खरंच हा शब्द आहे :
लाकडासारखं कठीण.
दातखिळी. तोंड उघडतं एका बोटापुरतं,
त्या फटीतून दुर्बीण घालून श्वासाची वाट शोधली.
भूल देणाऱ्या बाईंची सही मी अकरा वर्षं पाहते,
या पानावर ती ओळीखाली घसरलीये.
चिरलं. पू निघाला. तोही मोजावा लागतो :
साठ मिलिलिटर,
माझ्या टेबलावरच्या कपात निम्म्यावर येईल इतका.
चहा मी तसाच ठेवला.

आणखी मागे, जून.
दक्षिणेचा वारा, पार्किंगमध्ये बर्फाची खडी.
आपत्कालीन विभागात तो याआधी दोनदा येऊन गेला होता.
पहिल्यांदा गाल. दुसऱ्यांदा गाल आणि ताप.
गोळ्या दिल्या. दंतवैद्याकडे जायला सांगितलं.
"सांगितलं" हा शब्द दोन्ही पानांवर,
दोन वेगळ्या अक्षरांत.
तो काही बोलला असेल असं वाटत नाही.
दातांच्या कण्या करणारा माणूस नव्हे हा,
दुखऱ्या बाजूला लवंग धरून
तो पुन्हा पाळीवर गेला.

मग एक कागद जो आमचा नाहीच.
चुकून आत आलेला, चौघडी, चरबीचा डाग.
डी स्ट्रीटवरच्या खासगी दवाखान्याचा अंदाज :
एक दाढ काढणे, एक्स-रेसह, तीनशे ऐंशी डॉलर.
पाठीमागे पेन्सिलीचा हिशेब.
वीज. मेलेचे शाळेचे बूट. नुकुअलोफाला आई.
बाकी एकशे दहा.
खाली : पुढच्या गुरुवारी.
ते खोडून : पुढच्या गुरुवारी.
ते खोडून काहीच नाही.

माझ्या पडद्यावरचा हिशेब सोपा आहे.
के-बारा पूर्णांक दोन. अकरा दिवस.
इस्पितळाचा खर्च चौऱ्याहत्तर हजार डॉलर.
रुग्णाकडून येणे शून्य.
मान चिरायची तर सरकार देतं,
दाढ उपटायची तर ज्याची त्याने.
आपलेच दात आणि आपलेच ओठ,
रागवायचं तर कुणावर?
आणि कुणी म्हणू नये की पैसे नव्हते.
होते. पोचले तेव्हा नळीतून पोचले.

नियम असा की फाइलमधला भटका कागद
यंत्रात घालून त्याच्या पट्ट्या कराव्या.
मी तो सरळ केला.
डाग बाहेरच्या बाजूला, हिशेब वर.
पहिलं पान म्हणून लावायला घेतला.
भोकं पाडायचं यंत्र माझ्याहून जुनं,
एका दाबात कधी चालत नाही.
उभी राहिले,
दोन्ही हातांनी, दातओठ खाऊन,
दाबलं.